गाडीच्या टाळूवर एरंडेल

नंदुरबारच्या मिरची बाजारामागे आमची गल्ली आहे आणि तिच्यात वैद्यकाच्या दोन शाखा चालतात. एक डॉक्टरांची, तिच्याकडे आपण जातो. दुसरी जडावबाईंची, ती वाटी घेऊन आपल्याकडे येते.

जडावबाई म्हणजे मिरचीचे व्यापारी झुंबरलाल शेठ यांच्या पत्नी. शेठजींच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन इथे दुकान थाटलं, त्यामुळे घरात मारवाडी, दुकानात अहिराणी, बँकेत मराठी आणि भांडणात तिन्ही अशी या घराची भाषिक व्यवस्था आहे. घरातलं बोलणं मी पुढे मराठीतच दिलं आहे. भांडणाची गोडी त्यात थोडी कमी होते, पण त्याला इलाज नाही.

जडावबाईंचा इलाज मात्र एकच, एरंडेल. चैत्रात वर्षाचे गहू येतात तेव्हा त्यांना एरंडेलाचा हात फिरवून मगच कोठीत भरायचं, म्हणजे कीड लागत नाही. तुरीच्या डाळीला तेच. दाराची बिजागरी कुरकुरली की एरंडेल, शेठजींचे गुडघे कुरकुरले की एरंडेल, आणि दोन्ही उपचार एकाच वाटीतून. पोट बिघडलं तर आतून, झोप येत नसेल तर तळपायाला, आणि डोकं तापलं तर टाळूवर. बरा झालेला माणूस एरंडेलाने बरा होतो. न झालेल्याने ते वेळेवर घेतलेलं नसतं. या शास्त्राला अपयश कसं ते माहीत नाही, आणि त्या बाबतीत ते इतर पुष्कळ शास्त्रांच्या पंक्तीला बसतं.

अलीकडे या शास्त्राला घरातूनच विरोध सुरू झाला होता. सून नेहल सुरतेची, औषधशास्त्राची पदवी घेतलेली. तिची मुलगी अजून पाळण्यात. आजी बाळाच्या टाळूवर तेल घाले, तिथवर नेहल गप्प बसे. पण पोट दुखतं म्हणून आजी बोटाचा थेंब बाळाच्या ओठाशी नेऊ लागली की ती पाळण्यापुढे उभी राही.

"मम्मीजी, तोंडात नाही."

"पुनीतला मी हेच देऊन वाढवलाय."

यावर नेहल पुनीतकडे पाही. तो तिचा नवरा असल्यामुळे ती पुढे काही बोलत नसे, पण पाहण्यात बरंच काही असे.

आता गाडीकडे येतो. गाडी पांढरी, जुनी, आणि ज्या कंपनीने ती काढली त्या कंपनीलाही आता ती आठवत नसावी. दुकान चालवणाऱ्या पुनीतने स्वतःसाठी नवी उंच गाडी घेतली तेव्हा जुनी आईच्या वाट्याला आली. दर सोमवारी जडावबाई तिच्यातून तापीकाठच्या प्रकाशा गावी महादेवाच्या दर्शनाला जात. गाडी चालवायला उदेसिंग. तो सातपुड्याच्या पायथ्याचा, एरवी दुकानाचा मिरचीचा टेम्पो चालवणारा. उदेसिंगचा मुख्य गुण असा की तो कुणाला काही सांगत नाही. जडावबाईंनी त्याला याच गुणावर निवडला होता.

कारण प्रकाशात दर्शनाला वेळ लागतो तो थोडाच. उरलेला सोमवार तापीबाईच्या ओट्यावर जाई. तापीबाई तिथल्या शेतकरी घरातली, जडावबाईंची जुनी मैत्रीण. तिच्याकडे दोन शेजारणी येत आणि जडावबाई पोचल्या की चौघींचा मेंढीकोट बसे. दश्श्या जिंकायच्या या पत्त्यांच्या डावाला चार माणसं लागतात. तिघींत तो होत नाही. झुंबरलालांच्या घरात पत्त्यांना बंदी होती. तीन पिढ्यांपूर्वी कुणी एक काका पत्त्यांपायी घर सोडून गेले म्हणे, तेव्हापासून. जी बाई घरात पुनीतला पतंगही जपून उडवायला लावत असे, ती तापीतीरी हुकूम मांडीखाली दाबून बसते, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. उदेसिंगला ठाऊक होतं, म्हणजे ते सुरक्षित होतं.

चैत्र सरता सरता एका सोमवारी परतताना तापीचा पूल ओलांडला आणि गाडीच्या तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. उदेसिंगने गाडी निंबाखाली घेतली.

"काय व्हयनं रे?"

"गाडी तापी गयी, काकी. पानी कमी शे."

इंजिन थंड होईपर्यंत दोघं निंबाखाली बसून राहिले. मग उदेसिंगने बॉनेट उघडलं आणि कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण फडक्याने फिरवून वर काढलं. जडावबाई वाकून पाहत होत्या.

"आठे काय शे?"

"आठेथीन पानी जास, काकी. सर्व इंजिनमा फिरस, मंग परत आठेच येस."

"म्हनजे डोकंच शे."

"डोकंच समजी ल्या," उदेसिंग म्हणाला. वाद घालण्याची त्याला सवय नाही. पुढचं सगळं त्या एका सवयीच्या अभावातून घडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानातली माणसं पोत्यांवर आडवी झाली होती. गहू नुकतेच कोठीत गेले होते आणि एरंडेलाची एक बाटली उरली होती. जडावबाई अंगणात आल्या, बॉनेट उचललं, ओळखीचं झाकण उघडलं आणि बाटली त्यात उपडी केली. माणसाला वाटीभर पुरतं, पण गाडी मोठी. तेल घट्ट असल्यामुळे सावकाश उतरत होतं, तेवढ्या वेळात त्यांनी गाडीची विचारपूस केली असावी. तळहाताला लागलेलं पुसायला फडकं नव्हतं, म्हणून तो हात बॉनेटवरून फिरवला. मग झाकण लावून त्या निजायला गेल्या. रोग्याला औषध दिल्यावर वैद्याने जागत बसायचं नसतं.

पुढच्या सोमवारी गाडी प्रकाशाला पोचलीच नाही. गावाबाहेर पडते न पडते तोच काटा वर गेला, बॉनेटखालून वाफ आली आणि वाफेबरोबर एक दाट, फिकट हिरवं काहीतरी बाहेर येऊन बंपरवरून ओघळू लागलं. फोनवर तापीबाई वैतागली होती.

"कोठे शेस वं?"

"गाडी आजारी शे."

"मंग आम्ही तिघीजनी काय भजन करूत?"

टेम्पोला दोर बांधून गाडी अंगणात आणली आणि गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेल्या भिला मिस्तरीला बोलावलं.

भिला मिस्तरी हा आमच्या गल्लीतला दुसरा स्वयंघोषित वैद्य. तो स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला लावतो, मूठ कानाला, आणि डोळे मिटतो. त्या वेळी आजूबाजूला बोललेलं त्याला खपत नाही. गाडीला तो 'पेशंट' म्हणतो, आणि मालकाला नातेवाईक समजून धीर देतो. आजवर "मला समजत नाही" हे वाक्य त्याच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. काही गाड्या मात्र ते भोगून बसलेल्या आहेत.

त्याने बाटलीचं झाकण काढलं. आत कूलंटचं हिरवं पाणी असायला हवं होतं; होती ती पिस्ता घालून आटवलेली बासुंदी. भिलाने तीत बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं आणि पुनीतकडे जड नजरेने पाहिलं.

"पुनीतशेठ, पानीमा तेल शे."

"म्हणजे?"

"इंजिनमा तेलनी वाट अलग, पानीनी वाट अलग. मधमा एक पत्रा ऱ्हास, गॅस्केट. तो फाटना, का तेल घुसनं पानीमा. इंजिननं हेड खोलनं पडी."

"पण भिलाभाऊ, इंजिनचं तेल तर कमी झालेलं नाही. तेल मोजायची पट्टी मी आत्ताच पाहिली. भरलेलं आहे."

भिलाने पट्टीकडे पाहिलं. पट्टी पुनीतच्या बाजूने बोलत होती.

"कधी कधी पट्टी बी खोटी बोलस," भिला म्हणाला.

पुनीतने फार ताणलं नाही. खरं तर त्याला ही गाडी अंगणातून कधीची हलवायची होती. इतक्या जुन्या इंजिनचं हेड कोण खोलत बसणार! त्याने तिथूनच भंगारवाल्याला फोन लावला आणि आईकडे वळून प्रेमाने म्हणाला, "माँ, तू काळजी करू नको. यापुढे सोमवारी मी स्वतः माझ्या गाडीने नेईन तुला. तुझं होईपर्यंत बसेन तिथेच."

इतक्या आज्ञाधारक मुलाचं इतकं भयंकर वाक्य जडावबाईंनी आधी ऐकलेलं नसावं.

"तुझ्या गाडीत चढवत नाही मला," त्या म्हणाल्या.

"पाट ठेवू. मी हात देईन."

ती संध्याकाळ त्या घरात विचित्र गेली. शेठजींच्या गुडघ्यांना तेल लागलं नाही. बाळाची टाळू कोरडी राहिली. झुंबरलालांना कमी ऐकू येतं, पण घरातली शांतता त्यांना बरोबर ऐकू येते. त्यांनी सुनेला खुणेने विचारलं. नेहलने खांदे उडवले.

जडावबाईंच्या मनात काय चाललं असेल ते सांगायला मोठी प्रतिभा लागत नाही. हेड फाटलेलं नाही, पत्रा शाबूत आहे, आणि पट्टी खरं बोलते आहे, हे सगळ्या गल्लीत त्या एकट्यांना माहीत होतं. त्यांनी सांगितलं तर गाडी वाचणार होती. पण मग एरंडेल जाणार होतं. गाडीला जे बाधलं ते बाळाला कसं चालेल, असं सून विचारणार, आणि ते तिने आयुष्यभर विचारलं असतं. न सांगितलं तर एरंडेल राहत होतं, पण सोमवार जात होता. आणि मुलगा नुसता नेऊन थांबणार नव्हता, ओट्यावर शेजारी बसणार होता.

सकाळी भंगारवाला सोबत एक माणूस आणि दोर घेऊन आला. दोराची गाठ बसली. भिला शेवटचं दर्शन घ्यायला आल्यासारखा हात मागे बांधून उभा होता. तेवढ्यात जडावबाई ओसरीवरून उतरल्या.

"दोर सोड. भिला, हेडबेड काही फाटेल नही. ते तेल मन्हं शे."

"तुमनं म्हनजे, काकी?"

"एरंडेल. मीच टाकं. गाडीनं डोकं तापेल व्हतं."

भंगारवाल्याने हातातला दोर खाली ठेवला. गाड्या मरण्याची पुष्कळ कारणं त्याने पाहिली होती, पण त्यांत रेचक नव्हतं.

"माँ!" पुनीत ओरडला. "गाडीला एरंडेल?"

"तुला नव्हतं दिलं? वाढलास की नाही?"

"मी गाडी आहे का?"

"तू तिच्यापेक्षा जास्त तापत होतास."

सगळ्यात अवघड अवस्था भिलाची झाली होती. काल दिलेलं निदान अजून गल्लीभर फिरत होतं. त्याने पुन्हा बोट बुडवलं, या वेळी नाकाशी नेलं, आणि चेहरा हळूहळू सावरला.

"तरीच," तो म्हणाला, "मी कालपासून म्हनी ऱ्हायनू, याना वास येगळा शे."

कालपासून तो असं काहीही म्हणत नव्हता. पण तो इतक्या ठामपणे म्हणाला की दोघातिघांनी मान डोलावली. नेहल दारात बाळाला घेऊन उभी होती. तिने नुसतं बाळाच्या टाळूवरचं टोपडं सारखं केलं.

पुनीत घड्याळ पाहत म्हणाला, "रविवारपर्यंत. धुवा, पुसा, काय वाटेल ते करा. रविवारी फिरवून पाहू. काटा वर गेला की गाडी भंगारात, आणि माँ, सोमवारी माझ्या गाडीत."

धुलाई सुरू झाली. आधी भिलाने बासुंदी एका पिंपात काढून घेतली. गटारात सोडू देईना. त्या पाण्याला गोड चव असते, गाय चाटेल आणि मरेल, असं त्याने दरडावून सांगितलं. हे मात्र खरं होतं. मग त्याने थर्मोस्टॅट नावाची झडप काढून ठेवली, म्हणजे पाणी न अडता सगळीकडे फिरेल. इथवरही ठीक. त्यानंतर त्याने भांडी घासायचा पातळ साबण मागवला आणि तेल किती गेलंय ते लक्षात घेऊन हात सैल सोडला.

इंजिन चालू झालं. आधी झाकणातून एक फुगा आला. मग पुष्कळ आले. मग गाडीने अंगावर पांढरी शाल घेतली आणि ती शाल अंगण ओलांडून गल्लीत निघाली. मिरचीच्या पोत्यांखाली फेस शिरला. एका कुत्र्याने तो हुंगला, नाकावर फेसाची टोपी घेऊन तो घाईने निघून गेला. नंदुरबारला बर्फ पडत नाही. त्यातल्या त्यात जे शक्य होतं ते आम्ही पाहिलं.

"मी सांगू?" जडावबाई म्हणाल्या. "रिठा उकळी टाक. केसमाथीन एरंडेल रिठानीच निंघस."

"काकी," भिला फेसातून म्हणाला, "हात जोडस. आते तुम्ही काहीच टाकू नका."

तेव्हा नेहल आतून एक डबा घेऊन आली. सुरतेहून तिच्याबरोबर आलेल्या, पुढून दार असलेल्या कपडे धुण्याच्या मशीनची ती पावडर होती.

"हिला फेस कमी येतो. फेस झाला तर ते मशीन बंद पडतं, म्हणून ही वेगळी पावडर. गरम पाण्यात पूर्ण विरघळवून घाला."

भिलाने डबा हुंगला. "याले तं मोगराना वास शे."

"इंजिनला चालत नाही का मोगरा?"

भिलाने डबा पुन्हा एकदा हुंगला आणि पावडर विरघळवली. पाणी भरायचं, इंजिन गरम होईपर्यंत चालवायचं, निवू द्यायचं, पिंपात सोडायचं, पुन्हा भरायचं. आठवडाभर अंगणात हेच, आणि मधूनमधून भिलाच्या शिंका. जडावबाई ओसरीवर खुर्ची टाकून बसत आणि बाहेर आलेल्या पाण्याची पाहणी करत. बासुंदीचं ताक झालं. ताकाचं तांदूळ धुतलेलं पाणी झालं. मग एका दुपारी नळाला येतं तसं पाणी आलं, आणि इंजिनाला मोगऱ्याचा वास.

"पाहिलंत?" जडावबाई जमलेल्यांना म्हणाल्या. "पोट साफ झालं. एरंडेलाचं कामच ते."

जे आत होतं ते सगळं बाहेर आलं होतं, ही वस्तुस्थितीच होती.

रबरी नळ्या तेलाने फुगून पिकल्या केळ्यासारख्या मऊ झाल्या होत्या, त्या भिलाने बदलल्या. झडप जागेवर गेली, नवं हिरवं पाणी भरलं. झाकणावर भिलाने तांबडी तार गुंडाळून पक्की पिळली. "कोनी खोलू नये म्हनून," तो जडावबाईंकडे न पाहता म्हणाला.

रविवार उजाडला. पुनीत स्वतः चाकावर बसला, भिला पुढून इंजिनवर वाकून कान लावून उभा. उदेसिंग टेम्पोला टेकून उभा होता. गाडी अंगणातच चालू ठेवली. काटा मध्यावर आला आणि थांबला. जडावबाईंनी डोळे मिटले. मग काटा, आपल्याला कुणी पाहत नाही अशा बेताने, पुन्हा वर सरकू लागला.

"झालं," पुनीतने इंजिन बंद केलं आणि खिशातून फोन काढला.

भिला शिंकला.

"थांब रे पुनीत," जडावबाई म्हणाल्या. "भिला, तुले सर्दी शे का?"

"नही, काकी."

"मंग आठवडाभर शिंकस काब्र?"

"धूळ ऱ्हास."

"पुनीत, गाडी चालू कर."

"माँ, काटा—"

"चालू कर."

गाडी चालू झाली. बऱ्याच वेळाने आतला पंखा घुंऽऽ करत फिरू लागला. भिला शिंकला. पंखा थांबला; भिला थांबला. पंखा पुन्हा फिरला आणि भिलाला एकामागून एक अशा शिंका आल्या की त्याने स्क्रूड्रायव्हर सोडून बंपर धरला.

"ही धूळ नही," जडावबाई म्हणाल्या. "हाई मिरची शे."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. झुंबरलालांच्या घरात मिरचीला कुणी शिंकत नाही. हवेत तिखट असतं, पाण्याच्या माठावर असतं, उशांच्या अभ्र्यात असतं. तिथल्या बाळाचा पहिला श्वासही त्यातलाच. या घरातल्या माणसाने मिरचीचा वास आला असं म्हणणं म्हणजे प्रकाशात राहून आज तापी दिसली म्हणण्यासारखं. त्यामुळे आठवडाभर त्या गाडीभोवती उभं राहूनही घरच्यांपैकी कुणाला काही जाणवलं नव्हतं. नाक चालू होतं ते एकट्या भिलाचं, आणि त्याचं लक्ष कानाकडे.

पुढचा बंपर काढला. आत रेडिएटर, म्हणजे ज्या जाळीतून वारा जाऊन पाणी निवतं ती जाळी. तिच्यावर बोटभर जाड लाल गोधडी बसली होती: मिरचीची सालं, बिया, देठ, भुकटी. हिवाळाभर ही गाडी मिरची वाळवायच्या पथारीवर, रस्त्यासारख्या पसरलेल्या लाल ढिगांमध्ये उभी असायची. वारा आत जायला जागाच राहिली नव्हती. गाडीचं डोकं तापत होतं ते नाक चोंदल्यामुळे.

"अरे, इतकं साचलं आणि कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?" पुनीत म्हणाला.

"मी देखं व्हतं," टेम्पोजवळून उदेसिंग म्हणाला.

सगळे वळले.

"मग बोलला का नाहीस?"

"कोनी इचारं नही."

जडावबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. हाच तो गुण, ज्यावर त्यांनी त्याला निवडला होता.

भिलाने गॅरेजमधून हवेची नळी ओढून आणली आणि इंजिनच्या बाजूने जाळीतून जोराचा झोत सोडला. गोधडी बाहेर आली, पण खाली पडली नाही. तिचा लाल ढग होऊन तो आधी अंगणभर आणि मग गल्लीभर पसरला. इतक्या जवळून आणि इतकी जुनी मिरची त्या घरालाही नवी होती. पुनीत रडू लागला. भिला बसून रडू लागला. समोरच्या माड्यांवरून लोक खाली पाहत रडू लागले. कोपऱ्यावरच्या शिंप्याने शेठजींच्या दारात एवढी माणसं डोळे पुसताना पाहिली, दुकानाची फळी अर्धी लावली आणि तो येऊन झुंबरलालांशेजारी मान खाली घालून बसला. त्यालाही लगेच हुंदके येऊ लागले. झुंबरलालांना वाटलं की तो मिरची घ्यायला आलाय. त्यांनी त्याच्यासाठी चहा सांगितला.

ढग खाली बसल्यावर गाडी पुन्हा चालू केली. काटा मध्यावर आला, थांबला आणि तिथेच राहिला. पुनीतने ती बाजारातून, स्टेशनवरून, मग बाहेरच्या रस्त्याने लांबवर फिरवून आणली. काटा हलला नाही. त्याने फोन खिशात ठेवला. तो हरला तर मनापासून हरतो, हा त्याचा चांगला भाग.

"छान आहे गाडी," तो म्हणाला. "उद्या मीच येतो तुझ्याबरोबर प्रकाशाला. लांबच्या रस्त्यावर पाहून घेऊ."

जडावबाई तडक आत गेल्या.

स्वयंपाकघरात नेहल बाळाला भरवत होती. तिने मान वर न करता म्हटलं, "मम्मीजी, उद्या पुनीतला दुकानात काम आहे."

"कसलं?"

"ते मी शोधते."

जडावबाई बसल्या. "तुला काय माहीत आहे?"

"मागे एकदा प्रसादाच्या पुडीत चौकटची दश्शी आली होती. मी ती परत तुमच्या पिशवीत टाकली. डाव अडला असेल त्या सोमवारी."

डाव खरंच अडला होता. त्या सोमवारी तापीबाईने दोन्ही शेजारणींवर चोरीचा आळ घेतला होता. जडावबाईंनी पदराने कपाळ टिपलं.

"काय पाहिजे तुला?"

"टाळूवर घाला. पोटावर चोळा. तोंडात नाही."

"आणि पोट फारच दुखलं तर?"

"डॉक्टर."

"डॉक्टरने एरंडेल सांगितलं तर?"

नेहल हसली. "डॉक्टरने सांगितलं तर मी स्वतः पाजीन."

ही बाजी आपण जिंकली असं दोघींनाही वाटलं, म्हणून तह टिकला.

सोमवारी दुकानात अचानक असं काही काम निघालं की पुनीतला मान वर करता आली नाही. पांढरी गाडी तापीचा पूल ओलांडून गेली, किंचित मोगऱ्याचा वास मागे ठेवत. महादेवाचं दर्शन नेहमीपेक्षाही लवकर आटोपलं. ओट्यावर चौथी जागा झाडून ठेवलेली होती.

पत्ते वाटता वाटता जडावबाईंनी सगळी हकिकत सांगितली. तिच्यात एरंडेलाने पोट साफ झालं होतं, शिंकेवरून रोग ओळखला गेला होता, आणि भिला मिस्तरी बाटल्या उचलायला होता. शेजारणी थक्क झाल्या. तापीबाईला हकिकतीपेक्षा तिचा उपयोग दिसला.

"आमनं ट्रॅक्टर बी तापी ऱ्हायनं वं. तुन्हं एरंडेल उरेल शे का?"

जडावबाईंनी हातातले पत्ते लावले. एकदा ओट्याखाली झाडाच्या सावलीत बसलेल्या उदेसिंगकडे पाहिलं. तो नेहमीप्रमाणे काही सांगत नव्हता. मग त्यांनी हुकूम खाली ठेवला, दश्शी ओढून घेतली आणि म्हणाल्या,

"ते मागेन देखूत. पहिले सांग, त्याना बाजूले उभं ऱ्हाईसन कोन शिंकस?"